संध्याकाळची गोळी

हॉटेलच्या तळघरात, जिथे पाहुण्यांचे पाय कधी लागत नाहीत, तिथे चादरी ताणण्यात आणि घड्या घालण्यात थोरलीचं निम्मं आयुष्य गेलं. थोरली हे तिचं सासरकडचं नाव. दोन भावांच्या दोन बायका, ही थोरली आणि दुसरी धाकटी. आता सासर उरलं नाही, दोन भाऊ उरले नाहीत, धाकटीही उरली नाही, पण नाव तेवढं चिकटून बसलंय. लाँड्रीत काल-परवा लागलेल्या पोरीसुद्धा तिला थोरलीच म्हणतात. त्यांना वाटतं, वयावरून म्हणायचं.

काम असं असतं: धुऊन निघालेल्या ओलसर चादरी तापलेल्या रोलरमधून सरकवायच्या आणि पलीकडे बाहेर आल्या की दोघींनी मिळून घडी घालायची. एवढ्या मोठ्या चादरीची घडी एकटीनं होत नाही. एकीनं दोन कोपरे धरायचे, दुसरीनं दोन, चादर ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं आणि आपले कोपरे समोरचीच्या हातात द्यायचे. दिवसभर हेच. थोरलीच्या समोर पूर्वी धाकटी असायची. दोघींचे नवरे ट्रकवर, दोघी एकाच वेळी कामाला लागलेल्या, आणि दोघींच्याही जिभा अशा धारदार की मुकादम म्हणायचा, 'या जावांना समोरासमोर उभं करू नका रे, चादरी राहतात बाजूला आणि गावाची उणीदुणी निघतात.' आता समोर कुणीही असतं. पण वाफ दाट झाली की पलीकडचे हात तेवढे दिसतात, तोंड दिसत नाही, आणि मग थोरलीच्या काळजाचा ठोका चुकतो. धाकटीला जाऊन वीस वर्षं होत आली. ठोका चुकायचा काही थांबत नाही.

रोग घरात कुणाबरोबर आला, थोरल्या भावाबरोबर की धाकट्या, यावर सासूनं पुष्कळ काथ्याकूट केला. पुढे दोघेही एकामागोमाग गेले, सासूनं हाय खाल्ली आणि काथ्याकूट करायला कुणी राहिलं नाही. एचआयव्ही हा शब्द तेव्हा कुणी उच्चारत नसे. 'त्यांना ते झालंय', एवढंच म्हणायचं आणि उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. इस्पितळाच्या शेवटच्या वॉर्डात जेवणाचं ताट पायानं आत सरकवलं जायचं. थोरलीनं नवऱ्याला शेवटची आंघोळ स्वतः घातली, कारण वॉर्डबॉयनं हातमोजे संपल्याचं सांगून हात वर केले. स्ट्रेचर ढकलायला सगळ्या गोतावळ्यातून एकटी धाकटी आली. धाकटीच्या नवऱ्याच्या वेळी ढकलायला थोरली होती. मग दोघींच्या मागे रक्ततपासणीचं शुक्लकाष्ठ लागलं आणि निकाल जो लागायचा तोच लागला. धाकटीच्या कडेवर एक पोर होतं, क्षणभर एका जागी न बसणारं, म्हणून त्याचं नाव भिंगरी. तिच्याही रक्तात ते निघालं.

त्या काळी औषधच नव्हतं, असं लोक बिनदिक्कत सांगतात. हे धादांत खोटं आहे आणि ऐकलं की डोकं फिरतं. औषध होतं. जगात होतं, इथं नव्हतं. जिथं होतं तिथले रोगी खाटेवरून उठून कामावर जायला लागले होते, आणि इथं त्याच रोगाची माणसं रांग लावून मरत होती, कारण त्या गोळ्यांची किंमत ऐकूनच माणूस अर्धा मरायचा. मग कुठे कुठे लोक रस्त्यावर उतरले, कुणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, कुणी मोठमोठ्या सभांमध्ये उभं राहून मंत्र्यांना तोंडावर सुनावलं. त्यातले कितीतरी स्वतः रोगी, हाताला टोचलेली सलाइनची सुई घेऊन आलेले. हळूहळू किमती उतरल्या, श्रीमंत देशांनी थैल्या सैल केल्या, आणि एक दिवस सरकारी इस्पितळाच्या मागच्या अंगाला, जिथे मोडक्या खाटांचा ढीग असायचा, तिथे चुना मारून एक केंद्र उघडलं. थोरलीनं त्यातल्या एकाही माणसाचं तोंड पाहिलेलं नाही. पण कधीमधी ती लाँड्रीत उगाच म्हणते, 'माझ्यासाठी कुठं कुठं कोण कोण भांडलं, देव जाणे.'

केंद्र उघडलं तरी गोळ्या थोड्या आणि रोगी उदंड. म्हणून नियम होता: रक्तातल्या पेशींचा आकडा ठरलेल्या रेषेखाली घसरला असेल त्यालाच गोळ्या. थोरलीचा घसरला होता. भिंगरीला मुलांच्या वाट्याचं पातळ औषध मिळालं. धाकटीचा आकडा रेषेच्या वर होता, थोडासाच, पण वर. 'तुमची पाळी अजून यायचीय,' डॉक्टर म्हणाले. धाकटी बाहेर येऊन बाकावर बसली आणि हसत सुटली.

'बघ गं, शाळेत सगळ्या विषयांत नापास झाले, आणि इथं जिथं नापास व्हायचं तिथं मेली मी पास झाले!'

हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. तो खोकला थोरलीच्या ओळखीचा होता. घरातल्या दोन माणसांनी तिला तो ऐकवला होता.

तेव्हा गोळी दोन वेळा असायची, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. सकाळची थोरली स्वतः घ्यायची. संध्याकाळी ती धाकटीचा हात ओढायची, तळहातावर गोळी ठेवायची आणि दम भरायची, 'गिळतेस की नाक दाबू?' एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, धाकटीनं कधी मागितली नाही. केंद्रात दर खेपेला विचारायचे, दोन्ही वेळा घेता ना? थोरली मान डोलवायची आणि तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. पाण्याचा घोट दोघींत वाटला तर दोघींचा घसा ओला होतो, मग औषधाचं वेगळं काय असणार, असा तिचा साधा विचार. दोघी थोड्या थोड्या वाचू, आणि पोराला आईही राहील, काकूही राहील.

केंद्राच्या बाकावरची मंडळी ही गोष्ट इथपर्यंत सांगतात. सांगण्यात सगळ्यात पुढे घड्याळवाला. हा म्हातारा घड्याळं दुरुस्त करतो आणि केंद्र उघडल्यापासूनचा रोगी आहे. 'मला डॉक्टरांनी सहा महिने दिले होते,' तो नवीन माणसाला ऐकवतो, 'ते डॉक्टर रिटायर झाले, त्यांना हार मीच घातला.' मग थोरलीकडे बोट. 'ही बाई बघा. स्वतःच्या तोंडातली गोळी काढून जावेला दिली. सख्ख्या बहिणी करत नाहीत हो!' नव्यानं आलेल्या बायका डोळे पुसतात. थोरली पिशवीत काहीतरी शोधत बसते. लोकांना वाटतं, बाई लाजाळू आहे.

गोष्ट तिथं संपत नाही. अर्ध्या औषधानं हा विषाणू मरत नाही, उलट शहाणा होतो. गोळीची सगळी नस त्याला कळते आणि पुढे पूर्ण औषध दिलं तरी तो जुमानत नाही. धाकटीचा आकडा शेवटी घसरला, तिला स्वतःच्या नावाची बाटली मिळाली, त्या दिवशी दोघी जावा लग्नाला निघाल्यासारख्या हसत घरी आल्या. आणि औषध लागूच पडेना. डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून विचारलं. या वेळी थोरलीला मान डोलवता आली नाही. डॉक्टर रागावले असते तर परवडलं असतं. ते नुसते म्हणाले, दोघींच्याही अंगातला विषाणू आता या गोळ्यांना बधणार नाही. याच्या पुढची औषधं आहेत, पण ती अजून आपल्याकडे पोचली नाहीत. पोचतील.

पोचली. तोवर धाकटी राहिली नाही. थोरलीचं अंग चिवट, ती तगली, नव्या औषधांवर उभी राहिली आणि भिंगरीला घेऊन दोन खोल्यांच्या घरात राहू लागली. एखादी म्हणाली असती, सुटले. थोरली सुटली नाही. संध्याकाळी गोळी काढली की तिच्या डोळ्यांसमोर एक तळहात यायचा, कपड्यांच्या सोड्यानं भेगाळलेला. खोकल्याचा आवाज तर तिला रोलरच्या घरघरीतसुद्धा वेगळा ऐकू यायचा. कधी वाफेत ती पुटपुटायची, 'घे ना बाई, हे कोपरे तरी घे.' समोरची पोरगी गोंधळून म्हणायची, 'धरलेत की हो मी.'

एवढं सगळं होऊनही वर्षं बरी गेली, हे मान्य केलं पाहिजे. बाकावरची मंडळी म्हातारी व्हायला लागली. ज्या रोगात तिशी गाठणं अवघड, त्यात माणसांचे गुडघे दुखायला लागले, कुणाला साखर निघाली, कुणाची नातवंडं झाली. गोळीही बदलत बदलत सगळ्यांना एकच झाली, दिवसाला एक, रात्रीच्या जेवणानंतर. थोरलीलाही तीच आणि भिंगरीलाही तीच. भिंगरी आता चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. तिनं काकूला वाचायचा चष्मा करून दिला, तर बाईसाहेब तो घालत नाहीत. म्हणे चष्म्यात मी हेडमास्तरीण दिसते.

मग लांबच्या कुठल्यातरी देशात कुणाचं तरी मन फिरलं आणि पैसा थांबला. इतक्या लांबून आलेला धक्का केंद्रात पोचायला फार वेळ लागला नाही. आधी समुपदेशक बाईंची खुर्ची रिकामी झाली, मग घरोघर जाऊन विचारपूस करणारी माणसं दिसेनाशी झाली. भिंगरीनं तिच्या तारखेला जाऊन भरलेली सीलबंद बाटली आणली होती. थोरलीची तारीख त्यानंतरची. तिच्या हातात नर्सनं कागदी पाकिटात सुट्या गोळ्या ठेवल्या.

'आता एवढ्याच. दुसऱ्या कंपनीच्या आहेत, रंग जरा पिवळट आहे, घाबरू नका. पुढचा माल येतोय म्हणतात.'

'म्हणतात कोण?'

'वरचे,' नर्स म्हणाली आणि तिनं वर पंख्याकडे पाहिलं.

पुढच्या खेपेला दाराला कुलूप होतं. बाकावर घड्याळवाला एकटाच. त्या दिवशी त्यानं कुठलीच गोष्ट सांगितली नाही. थोरलीनं बस पकडून शेजारच्या शहरातलं केंद्र गाठलं, तिथंही तोंडाला पानं पुसली. औषधाच्या दुकानात भाव विचारला आणि मुकाट्यानं पायरी उतरली.

सुट्या गोळ्या तिनं जुन्या बाटलीत ओतून ठेवल्या होत्या. गोळ्या मोजायचं तिनं त्या वाटणीच्या दिवसांपासून सोडलं होतं. बाटलीत बोट घालायचं, लागेल ती काढायची. एका रात्री बोट थेट तळाला टेकलं, दोनच गोळ्या घरंगळल्या. भिंगरीला ती काही बोलली नाही. दुसऱ्या रात्री बोट घातलं, तर तळ लागेना.

आपणच काल नीट पाहिलं नसेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण चार दिवस झाले, आठवडा झाला, बाटली रिकामी होईना. मग तिला वेगळीच शंका आली. आपण गोळी घ्यायची विसरतोय की काय? घेतली असं वाटतं आणि घेतलेलीच नसते? या रोगात म्हातारपणी डोकं दगा देतं, हे तिनं बाकावर ऐकलं होतं. तिनं गोळी गिळताना मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली, 'घेतली गं घेतली.' घेतली हे नक्की होतं. तरीही बाटलीत गोळ्या होत्या.

तेव्हा तिच्या मनात ते आलं, आणि एकदा आलं ते निघेना. धाकटी परत करतेय. इतक्या संध्याकाळच्या गोळ्या नेल्या होत्या, एकेक करून आणून ठेवतेय. हे वेडेपण आहे हे थोरलीला कळत होतं. लोकांसमोर तिनं ते जिभेवरही येऊ दिलं नसतं. पण तळघरात, वाफेत, ती समोरच्या हातांकडे बघायची आणि तिच्या छातीवरचा दगड जरा हलायचा. परत करतेय म्हणजे राग उरला नाही. इतक्या वर्षांत कुणी तिला इतकं मोठं काही दिलं नव्हतं. त्या दिवसांत थोरली गुणगुणायला लागली. मुकादम म्हणाला, 'आज काय लॉटरी लागली का काय?' तिनं त्याला हातानंच उडवून लावलं.

याच दिवसांत भिंगरी जेवण झालं की 'मी दुकानातच घेतली गोळी' म्हणून पांघरूण ओढून घ्यायची. आधी दोघी एकत्र घ्यायच्या. थोरलीच्या ते ध्यानात आलं होतं, पण तिचं ध्यान होतंच कुठं?

सुट्टीच्या एका दुपारी ती बाहीची उसवलेली शिवण घालत बसली होती. धागा दिसेना म्हणून घरात कुणी नाही असं बघून तिनं तो हेडमास्तरणीचा चष्मा नाकावर चढवला. शिवण झाली. चष्मा तसाच होता आणि बाटली समोर फळीवर. तिनं सहज हातावर गोळ्या ओतल्या. पिवळट एकही नव्हती. सगळ्या पांढऱ्या, आणि त्यांच्यावरची अक्षरं भिंगरीच्या सीलबंद बाटलीतल्या गोळ्यांवर असायची तीच.

मेलेलं माणूस काही आणून देत नाही, हे तिला त्या घटकेला पुरतं कळलं. धाकटी आली नव्हती. धाकटी कधीच येणार नव्हती. आणि जिवंत होती ती पोर स्वतःचं औषध काकूच्या बाटलीत ओतत होती. थोरलीला रडू आलं नाही, नुसती भीती वाटली, वॉर्डातल्या दिवसांत वाटायची तशीच.

संध्याकाळी भिंगरी आली, जेवली, ताटं उचलायला लागली. थोरलीनं तिचा हात धरून तिला बसवलं आणि बाटली ताटलीत उपडी केली.

'या कुणाच्या?'

'केंद्राच्याच असतील. कुणाच्या असणार?'

'भिंगरे.'

भिंगरीनं हात सोडवून घेतला. 'माझ्या आहेत. बरं मग? मी एक दिवसाआड घेते. मला काही होत नाही, मी तरणीताठी आहे. तुझ्या संपल्या तेव्हा तू मला सांगितलंस तरी का? नाही ना? मग मीही नाही सांगितलं.'

'कधीपासून?'

'तू आईला दिल्यास की नाही? अख्खं केंद्र तुझे गोडवे गातं. मी लहानपणापासून तेच ऐकत आले. आई मला झोपवताना तेच सांगायची. मग मी दिल्या तर असं काय आभाळ कोसळलं?'

गप्प बसावं, ओरडून, धाक घालून, शपथ घालून वेळ मारून न्यावी, हे सगळं थोरलीच्या मनात येऊन गेलं. पण ही पोरगी धाकानं ऐकणारी नव्हती. जी गोष्ट तिला प्रिय होती तीच मोडल्याशिवाय ती थांबणार नव्हती.

'तुझी आई गोळी मिळाली नाही म्हणून गेली नाही,' थोरली म्हणाली. 'माझ्या गोळीनं गेली.'

मग तिनं सांगितलं. अर्धं औषध काय करतं ते, धाकटीची स्वतःची बाटली आली तो दिवस, लागू न पडलेलं औषध, डॉक्टरांचं ते शांत बोलणं. मध्ये कुठे थांबली नाही आणि स्वतःला वाचवणारा एक शब्द घातला नाही. भिंगरी ताटलीतल्या गोळ्यांकडे बघत होती.

'आईला कळलं होतं?'

'माझ्या शेजारीच बसून ऐकलं की तिनं.'

'मग काय म्हणाली?'

'परत येताना बसमध्ये तोंडातून ब्र काढला नाही. उतरलो तशी म्हणाली, पोरीला एवढंच सांगायचं की काकूनं मला दिलं. पुढचं सांगायचं नाही. मी म्हटलं, मला नाही जमायचं. तर म्हणाली, तिला तुझ्याजवळ वाढायचंय, माझ्याजवळ नाही. तुझा तिरस्कार करत ती कशी गं वाढेल? आणि मग बाकावर बसून सगळ्यांना सांगत सुटली. घड्याळवाल्याला, नर्सला, तुला. श्वास पुरत नव्हता तरी सांगत होती.'

'तिला राग नाही आला तुझा?'

'आला असणार. माणूसच होती ती. पण तिनं तो माझ्या हाती लागू दिला नाही. एकदा शिव्या घातल्या असत्या ना भिंगरे, तर मी ऐकून घेतल्या असत्या. तेवढंही केलं नाही तिनं.'

भिंगरी उठली, नळापाशी गेली आणि तिनं नळ पूर्ण सोडला. बराच वेळ पाणी पडत राहिलं. परत आली तेव्हा तिचं तोंड ओलं होतं आणि आवाज परका.

'हे मला आधी का नाही सांगितलंस?'

'सांगितलं असतं तर राहिली असतीस माझ्याजवळ?'

भिंगरीनं विचार केला. 'माहीत नाही,' ती म्हणाली.

थोरलीनं मान हलवली. हे उत्तर तिनं इतकी वर्षं टाळलं होतं, आणि आलं तेव्हा ते तिच्या भीतीपेक्षा वाईट नव्हतं, चांगलंही नव्हतं. तिनं ताटलीतल्या गोळ्या एकेक करून भिंगरीच्या बाटलीत भरल्या. एक बाहेर ठेवली. पेला भरून पुढ्यात सरकवला.

'घे. आणि आता रोज. चुकवायची नाही.'

'आणि तू?'

'माझ्या संपल्या.'

'संपल्या म्हणजे? म्हणजे तू काहीच घेणार नाहीस?'

'केंद्र उघडलं की घेईन.'

'आणि नाहीच उघडलं तर?'

'तर नाही घेणार. पण तुझ्यातली एकही घेणार नाही. पुरतं औषध एकीपुरतंच आहे, आणि ते एकीनंच खायचं.'

भिंगरीच्या ओठांची थरथर सुरू झाली. लहानपणी पडली की आधी अशीच थरथर व्हायची आणि मग रडं फुटायचं. 'मी उद्या दुकानात घेईन,' ती म्हणाली. 'नक्की घेईन, शप्पथ. पण तुझ्यासमोर नाही. तू अशी रिकामी बसलेली आणि मी समोर गिळू? मला नाही जमणार काकू.'

'मलाही जमलं नव्हतं,' थोरली म्हणाली. 'म्हणून तर तुझी आई गेली. तुला जमलंच पाहिजे.'

भिंगरीनं गोळी उचलली, परत ठेवली, परत उचलली. थोरली तिथून हलली नाही. तिला मरायचं नव्हतं. गुडघे दुखत होते, दात गेले होते, तरी मरायचं मुळीच नव्हतं, आणि ही गोष्ट तिच्या चेहऱ्यावर लपत नसणार हे तिला माहीत होतं. तरीही तिनं तोंड फिरवलं नाही. पोरीनं हे सगळं बघत बघत ती गोळी घ्यायला हवी होती, कारण उद्याही हेच होणार होतं आणि परवाही.

भिंगरीनं गोळी तोंडात टाकली. एकदा उमाळा आला, तिनं तो दाबला, काकूकडे बघितलं आणि गोळी गिळली.